डाव्या स्पीकरमधला आवाज

४ फेब्रुवारी

प्रिय टिटवी,

तुझे भाऊजी गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता. जिवंतपणी दिला तेवढा पुरे, असं त्यांना वाटलं असावं. हे वाक्य वाचून तू हसलीस तर हस. मीही लिहिताना हसले आणि मग चष्मा पुसत बसले.

कळवायला उशीर झाला. दिवाणखान्यातली त्यांची खुर्ची हलवायची की नाही, एवढ्या एका प्रश्नात हिवाळा गेला. शेवटी हलवली नाही.

नेहमीप्रमाणे तुझ्या शेवटच्या कार्डावरच्या पत्त्यावरच हे पाठवते आहे. माझी पत्रं परत येत नाहीत, म्हणजे तिथे कुणीतरी ती घेतं. ते कुणीतरी म्हणजे तूच, असं मी धरून चालते. मुलगा म्हणतो, "आई, पत्र परत न येणं हा काही पुरावा नाही." तो विमा कंपनीत आहे. त्याला सगळ्याला पुरावा लागतो.

त्याचं म्हणणं आहे की मी हे घर सोडून त्याच्याकडे राहायला यावं. त्यांच्या नव्या जागेत मला स्वतंत्र खोली आहे, खाली बाग आहे, डॉक्टर समोरच आहेत. सूनबाई फोनवर म्हणाली, "या ना आई, मला पण सोबत होईल." मुलगी मनापासून बोलते. पण तुझ्याकडे पत्ता आहे तो एवढाच. तू रुसून गेलीस तेव्हा आम्ही याच जागेत नुकतं बिऱ्हाड केलं होतं. उद्या तू जिने चढून आलीस आणि दाराला भलत्याच माणसाच्या नावाची पाटी दिसली, तर तू बेल न वाजवता परत जाशील. मी तुला ओळखते.

म्हणून मी अजून हो म्हटलेलं नाही. तू जिवंत आहेस का, कुठे आहेस, येणार आहेस का, एवढं कळलं की मी माझं ठरवीन. एक ओळ लिही. शिवी लिहिलीस तरी चालेल.

आवराआवर सुरू आहे. यांचे कोट दिले, बूट दिले. फोनजवळची वही मात्र टाकवली नाही. बांधकामावरून आले की फोन डाव्या कानाला लावून सिमेंटवाल्याशी तासन्‌तास भांडायचे आणि उजव्या हातानं वहीत बदकं काढायचे. सगळी वही बदकांनी भरली आहे. आवाज जितका चढलेला, तितकं बदक जाडं.

आणि तो गाण्यांचा रिसीव्हर आहे, रेडिओ आणि तबकड्या दोन स्पीकरमधून ऐकवणारा. मुलगा त्याला "ते धूड" म्हणतो.

तुझी,
ताई


१९ फेब्रुवारी

प्रिय टिटवी,

धूड दुरुस्त करून आणलं!

तू तो कधी पाहिला नाहीस. तू गेल्यावर वर्षभरानं यांनी तो कुणा परदेशी निघालेल्या माणसाकडून घेतला. तुझ्याशी भांडण झाल्यापासून मी गाणं सोडलं होतं. आपण जोडीनं गायचो, मी वरचा पहिला आवाज, तू खालचा दुसरा. तू दारात उभी राहून म्हणाली होतीस ना, "तुझं लग्न झालं, आता मी कुणाचा दुसरा आवाज म्हणू?" मग मी तरी पहिला कुणासाठी म्हणणार होते? यांना ते दिसत होतं, बोलता येत नव्हतं. इंजिनिअर माणूस. घरात गाणं नाही, तर गाण्याचं यंत्र आणलं.

पण काय यंत्र आहे म्हणून सांगू! दोन्ही बाजूंना अक्रोडाचं लाकूड, समोर घासलेल्या चांदीसारखा पत्रा, बटणं अशी जड की फिरवताना आपण काहीतरी महत्त्वाचं करतो आहोत असं वाटतं. स्टेशन लावायचं चाक बोटानं नुसतं टिचकावलं की काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वतःच घरंगळत जातो. चालू केल्यावर लगेच वाजत नाही. आधी काच हिरवट-निळी उजळते, पाण्याखाली दिवा लावल्यासारखी. मग आत कुठेतरी 'टक्‌' होतं. मगच गाणं. आपली शाळेतली पियानोवाली सिस्टर झाकण उघडून, चष्मा ठीक करून, एकदा आपल्या सगळ्यांकडे बघून मग पहिली पट्टी दाबायची ना, तसं.

काचेतला दिवा गेला होता आणि आवाजाचं बटण फिरवलं की पापड मोडल्यासारखं कुरकुरायचं. कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याला बोलावलं. त्यानं तो उचलला आणि "बाई, यात काय विटा भरून ठेवल्यात?" म्हणत जिना उतरला. आठवड्यानं आणून दिला. म्हणाला, "माझ्या दुकानातल्या स्पीकरच्या खोक्यांवर वाजवून बघितला. दोन्ही बाजू ठणठणीत. पण मला एक सांगा, बॅलन्सचं बटण उजवीकडे पार गंजून बसलं होतं. कुणी हलवतच नव्हतं का?"

हलवत नव्हतं. तुला माहीत नसेल, यांचा डावा कान गेला होता. रिसीव्हर घेऊन तीन-चार वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. तेव्हापासून त्यांनी सगळा आवाज उजव्या स्पीकरमध्ये लोटला आणि ते बटण कुणाला हात लावू देत नसत. एरवी इतका मऊ माणूस, पण मुलानं लहानपणी एकदा ते फिरवलं तर त्याच्या हातावर फटका बसला होता. डाव्या स्पीकरवर मी फुलदाणी ठेवली. पुढे लोक त्याला तिवईच समजायचे.

रेडिओवाला गेल्यावर मी एकटीच होते. दुपारचं ऊन जाजमावर आलं होतं. फुलदाणी उचलली, बटण मधोमध आणलं आणि आपली एक जुनी तबकडी लावली.

टिटवे, मी इतकी वर्षं सगळी गाणी अर्धीच ऐकत होते. यांच्या खुर्चीत बसून मी एकामागून एक सगळ्या तबकड्या ऐकल्या, कितीतरी वर्षांनी बरोबरीनं गुणगुणत. चहा करायचाही विसरले.

तुझी,
ताई


२ मार्च

प्रिय टिटवी,

आज जे लिहिणार आहे ते वाचून तू म्हणशील, ताईचं वय झालं. झालंच आहे. तरी वाच.

डाव्या स्पीकरमधून एक बाई गुणगुणते.

आधी वाटलं, तबकडीतच आहे. मग दुसऱ्या तबकडीतही ऐकू आली, जिच्यात नुसती बासरी आहे. तबकडी काढून रेडिओ लावला, तर रेडिओवरच्या गाण्यातही. बातम्यांत नाही, जाहिरातींत नाही. मी गप्प बसून ऐकत असले तर कधीच नाही. मी स्वतः गाऊ लागले की मगच. आणि माझ्यापेक्षा खालच्या सुरात, मला धरून, अगदी अलगद. मी थांबले की तीही थांबते. लगेच नाही, श्वासभरानं.

मला भीती वाटली का? पहिल्या दिवशी वाटली. रिसीव्हर बंद करून मी गॅलरीत जाऊन उभी राहिले आणि समोरच्या सलूनमध्ये एका गृहस्थाची दाढी पूर्ण होईपर्यंत तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, केस विंचरून, पुन्हा लावला. कुणी भेटायला येणार असावं तशी तयार झाले होते, हे माझ्या लक्षात नंतर आलं.

मुलाला सांगितलं नाही. डॉक्टर समोरच आहेत, असं तो पुन्हा म्हणाला असता.

पण परवा जिन्यात खालचे वकील भेटले. हातात भाजीची पिशवी, तोंडावर नेहमीची तक्रार. मला वाटलं, आवाज मोठा असतो म्हणून बोलणार. बोललेही.

"आवाज जरा मोठा असतो हं तुमचा. दुपारची झोप मोडते."

"सॉरी, वकीलसाहेब. कमी ठेवीन."

"नाही, नाही, म्हणजे ठेवा चालू. सूर मात्र छान जुळतो तुमच्या दोघींचा. पाहुण्या किती दिवस आहेत?"

मी काय म्हणाले असेन? "ठरलं नाही अजून," असं म्हणाले.

वर आले आणि दाराला आतून कडी लावली. मग मला वाटलं, कडी कशासाठी? आणि काढली.

तुझी,
ताई


१७ मार्च

प्रिय टिटवी,

तुझी ओळ आली नाही. रोज टपालाची पेटी उघडते. वकीलसाहेबांचं मासिक आणि माझी विजेची बिलं.

एक गोष्ट आठवते आहे आणि ती तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. यांचा कान गेला त्या दिवसाची.

मी वाचनालयातल्या नोकरीवरून दुपारीच घरी आले होते. डोकं दुखत होतं म्हणून बाईंनी सोडलं. दार उघडलं तर रिसीव्हर चालू, काच उजळलेली, आणि हे डाव्या स्पीकरसमोर वाकून उभे. तापाच्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा त्याच्या जाळीवर हात ठेवलेला. माझी चाहूल लागली तसे दचकले. चेहरा पिठासारखा पांढरा.

"काय झालं?"

"काही नाही. डावा कान गेला बहुतेक."

"असा एकदम?"

"एकदम."

"मग हात कशाला लावताय त्याला? कान तुमचा गेलाय की त्याचा?"

मी थट्टा केली, पण ते हसले नाहीत. त्यांनी बटण उजवीकडे फिरवलं, पार शेवटपर्यंत. डॉक्टरांकडे चला म्हटलं तर कधी आले नाहीत. संध्याकाळी, काही कारण नसताना, माझ्याजवळ येऊन बसले आणि मला त्यांनी विचारलं, "तुझ्या बहिणीचं हल्ली काही कळलं का गं?" तोवर त्यांनी तुझं नाव कधी काढलं नव्हतं. लग्नाच्या फोटोत तू उभी राहिली नाहीस, माझी बाजू रिकामी राहिली, याचा त्यांना सल होता.

त्याच महिन्यात माझा वाढदिवस. तोवर दर वाढदिवसाला तुझं कार्ड यायचं. आत अक्षर नाही, फक्त सही आणि पाकिटावर तुझा पत्ता. रागावलेल्या माणसानं पत्ता मात्र न विसरता घालावा, याचं मला किती कौतुक वाटायचं. त्या वर्षी कार्ड आलं नाही.

"टपालाचा काहीतरी घोळ असेल," हे म्हणाले. मी विचारायच्या आतच म्हणाले.

पुढच्या वर्षीही तेच म्हणाले. नंतर मग कुणीच काही म्हणालं नाही.

मुलगा पुढच्या रविवारी येतो आहे. कुणा शौकीन माणसाला रिसीव्हर हवा आहे म्हणे. रेडिओवाल्याला त्यानं परस्पर फोन करून बोलावलं आहे, स्पीकरसकट सगळं तपासायला. मी नको म्हटलं. तो म्हणाला, "आई, नुसतं तपासू दे. तपासण्यानं काय झिजतं का ते?"

तुझी,
ताई


२९ मार्च

प्रिय टिटवी,

आज नीट लिहिता येणार नाही. अक्षराला हसू नकोस.

मुलगा आला. रेडिओवाला आला. आम्ही तिघं चहा प्यायलो. मग रेडिओवाल्यानं उजवा स्पीकर ओढून मागे बॅटरी मारली, ठीक म्हणाला. मग डावा. तो पुस्तकांच्या कपाटाला चिकटून आहे, मी त्याला कधी हलवला नव्हता. झाडतानाही भोवतीनं झाडायची. त्यानं कपाट सरकवायला मुलाला हाक मारली. दोघं वाकले.

"अरेच्चा," रेडिओवाला म्हणाला.

"काय?"

"बाई, ही वायर तर कापलेली आहे."

मी म्हटलं, उंदीर असतील.

"उंदीर कापून वर टेप नाही गुंडाळत, बाई. हे बघा. पक्कडीनं कापलंय, टोकं वेगळी करून बांधलीत, अगदी पद्धतशीर. आणि आजचं नाही हे. टेप वाळून कडक झालीय." नखानं खरवडली तर तिचे पापुद्रे जाजमावर पडले. "कापल्यापासून या खोक्यात आवाज गेलेलाच नाही. शक्यच नाही. बॅलन्स कुठेही ठेवा, हा मुकाच."

मुलगा हसून म्हणाला, "बाबांचंच काम. त्यांचा कान गेला ना, म्हणून वीज वाचवली असेल." आणि मग माझ्याकडे बघून एकदम म्हणाला, "आई? बस खाली. पाणी आणू?"

मी पाणी प्यायले. ग्लास ठेवायला फोनच्या टेबलाशी गेले. तिथे बदकांची वही होती.

टिटवे, मी ही वही किती वेळा हाताळली! अगदी शेवटपर्यंत हे फोन डाव्या कानाला लावून बोलत होते. उजव्या हातात पेन्सिल, डाव्या कानाला फोन. पलीकडचा माणूस कुजबुजला तरी यांना ऐकू यायचं. संसारभर माझ्या डोळ्यांसमोर होतं हे. बदकं मोजत बसले, कान पाहिला नाही.

त्यांचा कान कधी गेलाच नव्हता. त्यांनी तुला ऐकलं होतं.

आधी बटण फिरवलं. ते पुरलं नसेल. मग वायर कापली. तरीही तू थांबली नसशील. आणि मग ते काय करत असतील? माझ्या शेजारी बसून, पेपर वाचायचं सोंग करून, तुझं ऐकत असतील? मी गात नव्हते त्या घरात. मग तू कुणाबरोबर गात होतीस? की नुसती सुरुवातीची वाट बघत उभी होतीस, इतकी वर्षं?

मला त्यांचा राग यायला हवा. संध्याकाळभर राग आणायचा प्रयत्न केला. पण मी दर वाढदिवसाला पेटी उघडून बघायची, आणि ते मला बघू द्यायचे. त्यांच्याकडे मला द्यायला त्या आशेखेरीज दुसरं काही नव्हतं.

रेडिओवाला निघताना म्हणाला, "दोन मिनिटांचं काम आहे, बाई. जोडून देऊ?"

"नको," मी म्हटलं. "जोडू नका. हात लावू नका त्याला."

मुलानं त्याच्याकडे बघितलं, त्यानं मुलाकडे. विक्रीचा विषय मग कुणी काढला नाही.

ताई


६ एप्रिल

प्रिय टिटवी,

आज सकाळी मी खात्री करून घेतली. मुलासारखा मलाही पुरावा लागला, काय करणार.

तुला ते शाळा सुटतानाचं प्रार्थनागीत आठवतं? मुली दोन गटांत उभ्या. पहिला आवाज उजवीकडे, दुसरा डावीकडे, आणि मधल्या सीमेवर तू आणि मी. तिसऱ्या कडव्यात पहिल्या आवाजानं एकट्यानं सुरुवात करायची आणि दुसऱ्यानं थांबायचं, ओळ संपेपर्यंत. सगळ्या थांबायच्या. तू कधी थांबली नाहीस. दरवेळी आधीच सुरू व्हायचीस, आणि सिस्टर पियानोवरून हात उचलून म्हणायची, "आमच्या टिटवीला घरी जायची घाई झालेली दिसते." ते नाव तिथेच पडलं तुला. मग आपण युक्ती काढली. फ्रॉकच्या घोळात मी तुझी करंगळी धरून ठेवायची आणि वेळ आली की दाबायची. मी दाबल्याशिवाय तू तोंड उघडायचं नाही. बक्षीस समारंभाला तू बिनचूक म्हटलंस आणि सिस्टरला वाटलं की तिच्या प्रार्थनेला फळ आलं.

हे आपल्या दोघींखेरीज कुणाला ठाऊक नाही. यांनाही मी कधी सांगितलं नव्हतं.

तर आज खिडक्या सताड उघडल्या, ऊन आत घेतलं. रिसीव्हर लावला. काच उजळली, 'टक्‌' झालं. कुठलंच स्टेशन लावलं नाही. दोन स्टेशनांमधली ती बारीक सळसळ नुसती चालू ठेवली. खुर्ची डाव्या स्पीकरशेजारी घेतली आणि म्हणायला लागले. गळा आता पूर्वीचा राहिला नाही. पहिल्या कडव्यात तू आलीस. दुसऱ्यातही होतीस.

तिसरं कडवं मी एकटीनं सुरू केलं. मनात म्हटलं, आता ही घाई करील, म्हणजे हीच ती. तू घाई केली नाहीस. ओळ अर्धी झाली, शब्द संपत आले, डावीकडे सगळं शांत. ओळ संपली तरी शांत. मला वाटलं, चला, म्हणजे ही दुसरीच कुणीतरी.

आणि मग कळलं की तू वाट बघते आहेस.

मी डावा हात खाली सोडला, साडीच्या निऱ्यांत, तिकडे न बघता. आपण तेव्हाही बघत नसू. हातात करंगळी आली. लहान, नख दातांनी कुरतडलेलं. मी दाबली.

तू बरोबर जागेवर आलीस.

कडवं पूर्ण म्हटलं आपण. संपल्यावर खालून वकीलसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. बायकोनं त्यांना "अहो, काय हे" म्हटलेलंही ऐकू आलं.

मग मी मुलाला फोन करून सांगितलं की मी येते. त्याचा विश्वासच बसेना. "आणि तुझी ती पत्त्याची अडचण?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, ती मिटली. धूड मात्र माझ्याबरोबर येईल, दोन्ही स्पीकरसकट, आणि डाव्याची वायर कुणी जोडायची नाही. "बरं बाई," तो म्हणाला. अगदी वडिलांसारखा म्हणाला.

सामान हलवणारी माणसं उद्या येतील. डावा स्पीकर मी माझ्या शालीत गुंडाळून ठेवला आहे. तो गाडीत माझ्या मांडीवर येईल. हे पत्र मी टपालात टाकत नाही. त्याच्या मागे, वायर कापली आहे तिथे, घडी घालून ठेवते.

एक सांगायचं राहिलं. तुझं बोट फार गार होतं. नव्या खोलीला सकाळचं ऊन येतं म्हणे. तुला खिडकीशी ठेवीन.

तुझी,
ताई